कार्डावर ‘फिट’ लिहिलं होतं

डॉक्टरीणबाई अजून बोलतच होत्या, तेवढ्यात माझ्या नवऱ्याने खिशात हात घातला. मला वाटलं, रुमाल शोधतायत, रडू येत असेल. पण त्यांनी काढलं ते त्यांचं हेल्थ कार्ड. प्लॅस्टिकचं, फोटो लावलेलं, अरबी आणि इंग्रजीत लिहिलेलं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं आणि बोटाने पुढे सरकवलं.

“मॅडम, आय अ‍ॅम फिट,” ते म्हणाले. “एव्हरी इयर फिट.”

बाई त्याआधी काय म्हणाल्या होत्या ते सांगते. बायॉप्सीचा रिपोर्ट आला होता. बायॉप्सी म्हणजे आतला छोटा तुकडा काढून तपासणं. मला सर्व्हायकल कॅन्सर होता, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. हा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो आणि तो विषाणू शरीरसंबंधातून येतो, एवढं त्यांनी सांगितलं आणि यांचा हात खिशाकडे गेला.

डॉक्टरीणबाई सुदानच्या. बोलत इंग्रजीत, आणि केरळची नर्स ते मला हिंदीत सांगे. बाईंनी कार्ड उचललं, नीट वाचलं, यांच्या हातात परत दिलं. “हे कार्ड स्वयंपाकघरात काम करणाऱ्यांचं आहे. जंत, टायफॉइड, कावीळ, टीबी, असलं बघतात. इकाम्याच्या, म्हणजे इथे राहायच्या परवान्याच्या, मेडिकलला एचआयव्ही बघतात. हा विषाणू त्यात कुणी शोधतच नाही. पुरुषांसाठी त्याची अशी नेहमीची चाचणीच नाही.”

हे कार्डाकडे बघत राहिले. मी यांच्याकडे. कॅन्सरचं भय मला नंतर आलं, खोटं कशाला सांगू. त्या क्षणी माझ्या मनात एकच आलं, की यांना कार्ड काढावंसं का वाटलं?

मी रुख्साना. म्हसळ्याजवळच्या गावातली. मराठी शाळेत दहावी झाले, म्हणून हे मराठीत लिहिते. नवरा सलीम, सौदीत रास तनुऱ्याला रिफायनरीच्या कामगारांची मेस चालवणाऱ्या कंपनीत सुपरवायझर. लग्नानंतर अकरा वर्षं मी गावी सासूसासऱ्यांपाशी आणि हे इकडे. दोन वर्षांतून एकदा दोन महिने यायचे. मग फॅमिली व्हिसा लागला आणि मी मुलांना घेऊन आले. मोठा मुलगा आता पुण्यात शिकतो, त्याचं या गोष्टीत काम नाही. धाकटी सना वीस वर्षांची, आमच्याजवळ.

जेवणाच्या कामात असलेल्या माणसाचं मेडिकल इथे दरवर्षी होतं. दरवर्षी नवं कार्ड, दरवर्षी ‘फिट’. आमच्या बिल्डिंगमध्ये कोकणातली सात-आठ घरं होती. शुक्रवारी दुपारी आम्ही बायका कुणाकुणाच्या घरी जमायचो. पुरुषांपैकी काहीजण तेव्हा पुलापलीकडे गेलेले असत. पूल म्हणजे समुद्रावरून बहरीन देशात जाणारा. कुणी कंपनीच्या खरेदीला, कुणी नुसतंच फिरायला. “वारा खायला गेलेत,” असं म्हणून आम्ही हसायचो. हसण्यात काय आहे ते प्रत्येकीला ठाऊक होतं.

एखादीचा चेहरा पडलाच, तर माझी नणंद हसीना आपा तिला धीर द्यायच्या. आपा यांच्या थोरल्या बहीण, दमामला राहतात, पण शुक्रवारी हमखास आमच्याकडे. त्यांच्या नवऱ्याला, आमच्या भाईजानना, सगळे मानतात. यांना इकडे नोकरीला त्यांनीच आणलं. आपा म्हणायच्या, “अगं, सरकार रक्त काढून बघतं. काही असतं तर दुसऱ्या दिवशी विमानात बसवलं असतं. फिट आहे ना? मग उगाच कशाला जीव जाळतेस?”

आणि आम्ही सगळ्या माना डोलवायचो. मीसुद्धा. त्या कार्डाच्या झेरॉक्स मी फाइलला लावून ठेवत होते हो! नवऱ्याला एक शब्द विचारायची हिंमत नव्हती, ते काम मी सरकारवर सोपवलं होतं.

आता त्रासाचं सांगते, नीट वाचा. पहिल्यांदा संबंधानंतर थोडं रक्त गेलं. वयामुळे असेल म्हणून सोडून दिलं. मग दोन पाळ्यांच्या मध्येच जायला लागलं. मग पांढरं जाणं वाढलं आणि त्याला वास यायला लागला. कंबर दुखायची. बाहेर जाताना वरून अंगभर घालायचा अबाया काळा, डाग पडला तरी कुणाला दिसत नाही. घरी आलं की अबाया आधी मी स्वतः धुवायची, सनाच्या हाताला लागू द्यायची नाही.

असे आठ महिने काढले. का? तर इकाम्याच्या भीतीने.

सौदीकरण तेव्हा जोरात होतं. कंपनीत एकेक जागा सौदी माणसांना द्यायची यादी लागत होती आणि सुपरवायझरच्या जागा त्यात वर होत्या. आमच्या बिल्डिंगमध्ये एक पक्की समजूत होती, की हॉस्पिटलात काही निघालं की ते इकाम्याच्या नंबरावर चढतं, रिन्यूअलला ‘अनफिट’ येतं आणि अख्खं कुटुंब खलास. मी म्हटलं, यांचा इकामा रिन्यू होऊ दे, मग दाखवू. तो झाला. मग म्हटलं, सनाचं लग्न ठरू दे. नर्सने मला नंतर सांगितलं, बायकोच्या गर्भाशयाची तपासणी आणि नवऱ्याचं मेडिकल यांचा काडीचा संबंध नाही. असल्या आजारावरून इकामा कुणी अडवत नाही. कुणाला तरी विचारायचं होतं. आम्ही एकमेकींनाच विचारत बसलो.

एका सकाळी कणीक मळताना चक्कर येऊन पडले. सनाने मला उचललं आणि माझे कपडे बघितले.  तिने यांना फोन केला, “अब्बा, कम होम नाऊ,” आणि माझ्या इन्शुरन्सचं कार्ड शोधून हातात घेऊन बसली.

दमामच्या हॉस्पिटलात आधी पॅप टेस्ट झाली. गर्भाशयाच्या तोंडावरून छोट्या ब्रशने पेशी घेतात, दोन मिनिटांचं काम. जन्मात कधी केली नव्हती. केली असती तर कॅन्सर होण्याच्या कितीतरी आधी बदल दिसले असते, असं बाई म्हणाल्या. मग कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून आत बघणं. मग बायॉप्सी. मग एमआरआय. प्रत्येक तपासणीआधी इन्शुरन्सची मंजुरी यायची, आणि ती येईपर्यंत आम्ही बायकांच्या वेटिंग रूममध्ये टोकन धरून बसायचो. समोर पोटुशी बाया, बाळं घेतलेल्या बाया, आणि मी. यांना तिकडे पुरुषांच्या बाजूला बसावं लागे. मला बरंच वाटायचं ते.

स्टेज टू-बी निघाली. म्हणजे गाठ आजूबाजूला पसरायला लागली होती, नुसतं ऑपरेशन करून भागणार नव्हतं. पाच आठवडे रोज रेडिएशन आणि आठवड्यातून एकदा केमो.

रेडिएशन म्हणजे किरणांनी गाठ जाळणं. भरपूर पाणी पिऊन लघवी तुंबवून मशीनखाली निजायचं, हलायचं नाही. कंबरेवर निशाणीसाठी तीन ठिपके गोंदले, ते जन्मभराचे. तिसऱ्या आठवड्यापासून जुलाब आणि लघवीला आग. केमोने तोंडात लोखंडासारखी चव आली. सुरमई तळायचा वास आला तरी ओकारी. शेवटी ब्रॅकीथेरपी, म्हणजे आतून रेडिएशन. आत नळ्या बसवतात. त्याबद्दल एवढंच सांगते, की दोन बाळंतपणं झालेली बाई मी, पण तिथे मी आईला हाक मारली.

केमोच्या खुर्चीत ती केरळची नर्स माझ्याजवळ बसायची. तोंडाची फटकळ, पण जीव लावणारी. तिने मला सगळं नीट समजावलं. एचपीव्ही खूप जणांना होतो, बाईला आणि पुरुषालाही. बहुतेकांचा आपोआप जातो. काहींचा जात नाही, दहा-पंधरा वर्षं गपचूप बसतो आणि मग कॅन्सर करतो. पुरुषाला कळतही नाही, त्याला दुखत नाही, खुपत नाही. त्यालाही कॅन्सर होऊ शकतो, घशाचा, लिंगाचा. कंडोम वापरला तर धोका कमी होतो. अगदी जात नाही, कारण हा कातडीला कातडी लागून पसरतो. पण एचआयव्ही, गर्मी, परमा यांपासून कंडोम चांगला वाचवतो.

“तुम्ही वापरत नव्हता?” तिने विचारलं.

मला हसूच आलं. माझं मुलं बंद करायचं ऑपरेशन झालेलं. आमच्या लेखी कंडोम म्हणजे मूल न होण्याची गोष्ट. ऑपरेशन झालं, मग त्याचं काम काय? ज्या बायांनी ऑपरेशन केलंय आणि ज्यांचा नवरा वर्षानुवर्षं दूर असतो, त्यांनो, हे मी तुमच्यासाठी लिहिते. ऑपरेशनने पोट राहायचं थांबतं, रोग थांबत नाही. आणि नवऱ्याचा रिपोर्ट चांगला आला, तर ज्या रोगाची चाचणी केली तेवढाच नाही, बाकीचे असू शकतात, असं समजा.

घरी आम्ही दोघं बोलत नव्हतो. म्हणजे गोळी घे, पाणी पी, चल, एवढंच. रोज रास तनुऱ्याहून दमाम तासाभराचा रस्ता. एक दिवस परत येताना मी विचारलं, “पुलापलीकडे काय करत होता?”

हे म्हणाले, “गाडी चालवताना बोलू नको.”

मी खिडकीकडे तोंड केलं. डोकं इतकं फिरलं होतं की दार उघडून उतरावंसं वाटलं. डॉक्टरीणबाईंनी मला आधीच सांगितलं होतं, की हा विषाणू कधी आला, कुणाकडून आला, हे कुणीच सांगू शकत नाही, भांडून काही हाती लागणार नाही. मला भांडायचं नव्हतं. मला ते यांच्या तोंडून ऐकायचं होतं. हे माझ्यासाठी रोज पेज करायचे. शेकडो माणसांची मेस चालवणारा माणूस वाटीभर तांदूळ मऊ शिजवून, मीठ घालून, फुंकर मारून समोर ठेवायचा. मी खायची. 

उपचार संपल्यावर तीन महिन्यांनी स्कॅन झालं. मूळ गाठ गेली होती. पण पोटातल्या एका लिम्फ नोडमध्ये, म्हणजे शरीरात जागोजागी असतात त्या छोट्या गाठींपैकी एकीत, ठिपका दिसत होता. बाई म्हणाल्या, “वाट बघू. पुन्हा स्कॅन करू.” त्यांनी माझा हात सोडला नाही, त्यावरून मला काय ते कळलं. दोनच दिवस आधी यांना कंपनीचं पत्र आलं होतं. जागा सौदी माणसाला जाणार, सहा महिन्यांनी फायनल एक्झिट, म्हणजे देश कायमचा सोडायचा.

त्या दिवशी आम्ही उठता उठता बाईंनी मायेने विचारलं, “हबीबती, तुला मुलगी आहे?”

“आहे. वीसची. लग्न ठरलंय.”

“मग लग्नाच्या आधी लस दे. एचपीव्हीची लस आहे. या वयाला तीन डोस, सहा महिन्यांत. शरीरसंबंध सुरू होण्याआधी घेतली तर सगळ्यात चांगली. तरी पुढे पॅप टेस्ट करायचीच.”

 लस होती? पोरीला गोवरची दिली, पोलिओची दिली, ही कुणी सांगितली नाही. सहा महिने. आमच्याकडेही सहाच महिने होते. माझं काय व्हायचं ते होवो, पोरीचे तीन डोस झाल्याशिवाय मी हा देश सोडणार नव्हते.

सनाचं लग्न आपांनीच जमवलेलं. त्यांच्या दिराचा मुलगा फैजान, रियाधला नोकरीला. चांगला मुलगा. लग्न दोन महिन्यांवर, आमच्या एक्झिटच्या आधीच उरकायचं ठरलेलं. मी फोन करून आपांना सांगितलं, लग्न चार महिने पुढे ढकलूया, सनाला लस द्यायची आहे. कशाची तेही सांगितलं.

शुक्रवारी आपा आल्या त्या तणतणतच. साखरपुड्याच्या कपड्यांची पिशवी सोफ्यावर आपटली.

“रुख्साना, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? कुंवार पोरीला असल्या रोगाची लस? दिराला काय सांगू मी? मुलीला काय झालंय म्हणून टोचताय, असं विचारणार नाहीत?”

“काही झालेलं नाही म्हणूनच टोचायची आहे, आपा.”

“आणि आमच्या मुलावर संशय? फैजानचं आत्ताच मेडिकल झालंय. फिट आहे तो!”

सना आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी होती. हे स्वयंपाकघरातून आले, हातात माझ्या पेजेचा वाडगा. तो त्यांनी टेबलावर ठेवला.

“आपा, मीपण फिट होतो,” हे म्हणाले.

“म्हणजे?”

“मी पुलापलीकडे जायचो. खरेदीला म्हणून. बायांकडे जायचो. कितीतरी वर्षं. कधी काही वापरलं नाही. कार्डावर फिट आलं की वाटायचं, चला, सुटलो. आणि घरी येऊन हिच्याशी...”

“सलीम! पोरगी ऐकतेय!”

“ऐकू दे. तिच्यासाठीच बोलतोय. हिला हे माझ्यामुळे झालं का, ते डॉक्टरला सांगता येत नाही. मी काय केलं ते तर मला सांगता येतं ना? सनाचे तिन्ही डोस होणार. लग्न मोडायचं तर मोडू दे.”

“लाज नाही वाटत तुला?”

“वाटते,” हे म्हणाले. मग म्हणाले, “आणि मी एकटा जात नव्हतो, आपा. गाडी भाईजानची असायची.”

आपांनी पिशवी उचलली. कपडे त्यातून खाली पडले, ते परत भरले. सनाने पुढे होऊन मदत केली तर तिचा हात बाजूला सारला. चहा तसाच टाकून त्या निघून गेल्या.

मला काय वाटलं? महिनोन्‌महिने जे ऐकायचं होतं ते ऐकलं, आणि तो पेजेचा वाडगा यांच्या डोक्यात घालावासा वाटला. तीस सेकंद खरंच वाटला. मग रडले. मग भूक लागली होती म्हणून पेज खाल्ली. माफ केलंय का, असं हे अजून विचारतात. मी म्हणते, विचारत राहा.

रविवारी सनाला पहिला डोस दिला. दंडात सुई, इतर कुठल्याही लसीसारखी. बाहेर आल्यावर ती यांच्याकडे न बघता मला म्हणाली, “अम्मी, फैजानला मी खुद बताया. सब बताया. ही इज टेकिंग इट टू.” मुलांनाही ती लस देतात, हे तिने फोनवर वाचून काढलं होतं. लग्न चार महिने पुढे गेलं. मुलाने घरी काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण त्यांच्याकडून ब्र निघाला नाही. दुसरा डोस झालाय. तिसरा एक्झिटच्या आधी आहे. माझं पुढचं स्कॅनही त्याच सुमारास. त्यात काय दिसेल याची मला रोज भीती वाटते, आणि तरी रोज सकाळी उठून मी कॅलेंडरवर आधी सनाची तारीख बघते.

आपांचा मात्र फोन नाही. शुक्रवारी येणं बंद. मी धरूनच चालले होते, की हे नातं गेलं.

परवा दुपारी फोन वाजला. आपा. इकडचं तिकडचं काही नाही, सलाम झाला आणि एकदम म्हणाल्या, “रुख्साना, तुझ्या त्या डॉक्टरीणबाई रविवारी बसतात का गं?”

“बसतात. का?”

पलीकडून दार लावल्याचा आवाज आला. 

“माझी पाळी जाऊन पाच वर्षं झाली,” आपा म्हणाल्या. “आता परत डाग पडतायत. हिवाळ्यापासून. मी काय म्हटलं, अबाया काळाच असतो...” मग त्यांनी विचारलं, “ते पॅप का काय, ते दुखतं का गं?”

“नाही, आपा. जरा कसंतरी वाटतं, तेवढंच,” मी म्हटलं. “सकाळी सातला तयार राहा. आम्ही घ्यायला येतो. आणि भाईजानना सांगून या. चोरून येऊ नका.”

भाईजानना सांगायचं त्या हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीपण म्हणाल्या नाहीत. फक्त विचारलं, “इन्शुरन्सचं कार्ड आणायचं ना गं?”